विश्लेषण : रॉक वाजवणारा रेडिओ आपल्याकडे का टिकला नाही? नायगावला त्याचे काय?

देशातील २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांचा लिलाव करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. या यादीत मराठवाड्यातील लातूर आणि उदगीर ही नावे आहेत. नांदेडला खासगी एफएम आधीच आहे. वाहिन्या वाढल्या की ऐकायला वेगवेगळे मिळेल, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव मात्र वेगळा आहे. शहरात दोनाच्या चार वाहिन्या झाल्या तरी चारही ठिकाणी साधारण तीच गाणी लागतात. हे असे का होते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे रॉक संगीत वाजवणाऱ्या रेडिओचा इतिहास.

रॉकचा आणि नांदेड जिल्ह्याचा संबंध काय?

थेट संबंध फारसा नाही. नर्सी फाट्यावरच्या हॉटेलात कोणी गिटारचा सोलो ऐकत बसलेले दिसणार नाही. पण रेडिओच्या धंद्यात रॉक हा मोजपट्टीसारखा आहे. त्याचा श्रोता थोडा, पण पक्का असतो. तो वाहिनी सहसा बदलत नाही, पण जाहिरातदाराला हवी तेवढी त्याची संख्या कधीच भरत नाही. नेमके हेच वर्णन माळेगाव यात्रेतील लावणीच्या श्रोत्याला लागू पडते. कंधारच्या उरुसात कव्वालीला बसणाऱ्याला, हुजूर साहिबचे कीर्तन ऐकणाऱ्याला आणि एप्रिलमध्ये गावोगावी वाजणाऱ्या भीमगीतांच्या श्रोत्यालाही लागू पडते. एखाद्या देशातील रेडिओव्यवस्थेत रॉकला जागा मिळाली की नाही, यावरून तिथे अशा प्रत्येक ‘थोड्यांच्या’ संगीताचे काय होणार याचा अंदाज बांधता येतो. म्हणून हा विषय दिसतो तितका परका नाही.

रॉक रेडिओ मुळात जन्मला कसा?

रॉक लोकप्रिय होते म्हणून रॉक रेडिओ आला, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तो नियमांच्या फटीतून आला. ब्रिटनमध्ये साठच्या दशकात रेडिओ म्हणजे बीबीसी. तरुणांना हवे ते संगीत तिथे तासांच्या हिशेबाने मोजून मिळे. मार्च १९६४ मध्ये ‘रेडिओ कॅरोलिन’ने ब्रिटिश सागरी हद्दीच्या बाहेर नांगरलेल्या जहाजावरून प्रसारण सुरू केले. जमिनीवर परवाना मिळत नव्हता, म्हणून समुद्रावर. १९६७ मध्ये कायदा करून अशा जहाजांची रसद तोडण्यात आली आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरला बीबीसीने ‘रेडिओ वन’ सुरू केले. जे बेकायदा ठरवले तेच सहा आठवड्यांत सरकारी छत्राखाली आले.

अमेरिकेतील गोष्ट अधिक बोलकी आहे. तिथे एफएम लहरींवर फारसे कोणी ऐकत नसे. मध्यम लहरींवरचे केंद्र आपलाच कार्यक्रम एफएमवरही सोडून देई. तेथील दूरसंचार आयोगाने नियम केला की, एक लाखापेक्षा मोठ्या शहरात एफएमवर निम्म्याहून अधिक वेळ तोच कार्यक्रम चालवता येणार नाही. मालकांपुढे प्रश्न पडला की रिकाम्या तासांत वाजवायचे काय? जाहिराती नव्हत्या, त्यामुळे गमावण्यासारखेही काही नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोत १९६७ मध्ये टॉम डोनाह्यू नावाच्या निवेदकाने ‘केएमपीएक्स’ या डबघाईला आलेल्या केंद्रावर लांबलचक रॉक गाणी, संपूर्ण अल्बम वाजवायला सुरुवात केली. त्या केंद्राचा फोन बिल न भरल्याने तोडलेला होता, यावरूनच मालक कुठल्याही प्रस्तावाला हो म्हणेल हे त्याने ओळखले, असा किस्सा सांगितला जातो.

प्रयोग चालला. पण पैसा दिसू लागताच भांडणे झाली. १९६८ मध्ये कर्मचाऱ्यांनी संप केला आणि ते ‘केएसएएन’ या दुसऱ्या केंद्रावर गेले. तेही बारा वर्षे गाजले आणि १९८० मध्ये कंट्री संगीताचे केंद्र झाले. १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रे ठेवावीत यावरची मर्यादा उठली. क्लिअर चॅनेल या एकाच कंपनीकडे पुढे सुमारे बाराशे केंद्रे गेली. शहर कोणतेही असो, गाण्यांची यादी मुख्यालयातून येऊ लागली. ज्या सिएटल शहराने नव्वदच्या दशकात जगाला नवा रॉक दिला, तिथे आज जाणकार ज्या ‘केईएक्सपी’ केंद्राचे नाव घेतात, ते श्रोत्यांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालते. या केंद्राने अलीकडे दिवाळखोरीच्या लिलावातून सॅन फ्रान्सिस्को परिसरातील एक वारंवारता विकत घेतली आणि २०२४ मध्ये तिथेही प्रसारण सुरू केले. व्यापारी रेडिओने जी जागा सोडली ती वर्गणीच्या रेडिओने भरून काढली.

भारतात सुरुवात कुठून झाली?

आपल्याकडे तर रॉक दूरच, हिंदी चित्रपटगीतांनाही रेडिओबाहेर काढले गेले होते. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर हे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे अभिमानी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. श्रोता गप्प बसला नाही, त्याने रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानी घराघरात पोहोचले. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून आकाशवाणीला माघार घ्यावी लागली. रेडिओ कॅरोलिनच्या एक तप आधी हाच प्रकार आपल्याकडे घडून गेला होता. फरक इतकाच की, आपले ‘जहाज’ श्रीलंकेत होते.

मराठवाड्याचा रेडिओ त्याआधीचा आहे. निजामाचे ‘डेक्कन रेडिओ’ हैदराबादेत होते, औरंगाबादेतही केंद्र होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी शरणागतीची घोषणा निजामाने रेडिओवरूनच केली. आपण दरवर्षी जो मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, त्याची बातमी अनेकांनी आधी कानांनी ऐकली. ही दोन्ही केंद्रे १९५० मध्ये आकाशवाणीकडे आली. नांदेडला स्वतःचे केंद्र मिळायला मात्र पुढे चार दशके लागली. जिल्हा पातळीवर स्थानिक केंद्र ही कल्पना आकाशवाणीने १९८४ मध्ये तमिळनाडूतील नागरकोईल येथे प्रथम राबवली आणि त्याच लाटेत नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी नांदेड, बीड, धाराशिव, अहिल्यानगर अशा ठिकाणी एफएम केंद्रे आली. नांदेडचे १०१.१ हे त्यांपैकीच. गावातला कलाकार, तालुक्यातला शेतकरी, जिल्ह्यातला डॉक्टर यांचा आवाज त्याच जिल्ह्यात ऐकू जावा, हा त्यामागचा हेतू होता.

मुंबईचे दोन प्रयोग

सरकारी चौकटीत पाश्चात्त्य संगीताला महानगरांत काही तास मिळत. १९९३ मध्ये मुंबई आणि दिल्लीत आकाशवाणीच्या एफएमवरील तास खासगी कंपन्यांना भाड्याने दिले गेले, तेव्हा त्या तासांत इंग्रजी गाण्यांची रेलचेल झाली. १९९८ मध्ये ही व्यवस्था बंद झाली. दरम्यान ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. तो प्रमुख निकाल लिहिणारे न्या. पी. बी. सावंत हे महाराष्ट्राचे. लहरी सरकारच्या नाहीत आणि बाजाराच्याही नाहीत, त्या लोकांच्या आहेत आणि त्यांचा वापर लोकहितासाठी नियंत्रित व्हावा, हा त्याचा गाभा. पुढे सरकारने त्यातील ‘सरकारच्या नाहीत’ एवढे वाचले आणि लिलाव पुकारला.

पहिल्या टप्प्यात ४० शहरांतील १०८ वारंवारता विकायला काढल्या. बोली इतकी चढली की मुंबईचे वार्षिक शुल्क पावणेदहा कोटी रुपयांवर गेले, शिवाय दरवर्षी त्यात १५ टक्के वाढ. म्हणजे पाच वर्षांत रक्कम दुप्पट, कमाई होवो अथवा न होवो. अनेक बोलीदारांनी माघार घेतली आणि प्रत्यक्षात वीस-बावीस केंद्रेच सुरू झाली.

२००२ मध्ये मुंबईत एकदम पाच खासगी वाहिन्या आल्या. त्यांतील तिघींनी हिंदी चित्रपटगीतांची वाट धरली. मिड-डे समूहाच्या ‘गो ९२.५’ने इंग्रजी गाण्यांवर भर दिला. ‘विन ९४.६’ची जागाही त्या गर्दीत वेगळी होती. श्रोता नव्हता असे नाही. मुंबईच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरत होता. ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे या संगीताचे मासिक तर १९९३ मध्ये अलाहाबादेतून निघाले, म्हणजे ही आवड फक्त वांद्रे-कुलाब्याची होती असे म्हणता येणार नाही. तरीही ‘विन’ बंद पडले. ‘गो’ने हिंदीकडे वळत २००६ च्या सुमारास ‘रेडिओ वन’ हे नाव घेतले. पुढच्या दशकात ही वाहिनी महानगरांत पुन्हा आंतरराष्ट्रीय संगीताकडे आली, पण ती वरच्या उत्पन्नगटाला जाहिराती विकण्यासाठी. बंगळुरू आणि गोव्यात ‘इंडिगो ९१.९’ टिकून राहिले, त्याचेही कारण तेच: मोटारी, मद्यगृहे, पर्यटन, माहिती-तंत्रज्ञान असा ठरावीक जाहिरातदार तिथे होता. असा जाहिरातदार नांदेडला नाही, सोलापूरलाही नाही.

२००८ मध्ये ‘रॉक ऑन’ हा हिंदी चित्रपट आला आणि त्याची गाणी देशभरातील एफएमवर वाजली. तेव्हा हे संगीत लोकांना आवडत नाही, हा मुद्दा निकालात निघायला हरकत नव्हती. निर्मात्याच्या प्रसिद्धीच्या यंत्रणेसह, हिंदी सिनेमाच्या दारातून आलेला रॉक चालतो, तेवढाच बँड स्वतःहून आला तर दार बंद असते, असा त्याचा अर्थ.

गच्चीवरच्या अँटेनाचा काळ

एक काळ असा होता की, नायगावच्या गच्चीवरूनही चोवीस तास रॉक ऐकता आला असता. ‘वर्ल्डस्पेस’ ही उपग्रह रेडिओ कंपनी २००० पासून भारतात होती. खास संच घ्यायचा, छोटा अँटेना उपग्रहाच्या दिशेने धरायचा आणि वर्गणी भरायची. हिंदुस्थानी शास्त्रीय, कर्नाटकी, जुनी हिंदी गाणी, क्लासिक रॉक, जॅझ अशा प्रत्येकाला स्वतंत्र वाहिनी, मराठीलाही वेगळी वाहिनी. मध्ये जाहिरात नाही. ए. आर. रहमान यांनी या सेवेची प्रसिद्धी केली होती. भारतात तिचे चार लाखांहून अधिक वर्गणीदार झाले, कंपनीच्या एकूण ग्राहकांत बहुसंख्य आपलेच.

उपग्रहाला शहर आणि खेडे सारखेच. देशभरातून थोडे थोडे श्रोते गोळा करून एक मोठा श्रोतृवर्ग उभा करता येतो, हे त्यात दिसले. पण उपग्रह उडवण्याचे कर्ज वर्गणीतून फिटत नव्हते. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा बंद झाली. हजारो रुपयांचे संच शोकेसमध्ये शोभेला राहिले. आज जी गाणी मोबाइलवर सहज मिळतात, त्यांसाठी तेव्हा लोक किती खटपट करत होते, हे नव्या पिढीला खरे वाटणार नाही.

लिलाव झाला की गाणी सारखी का होतात?

पहिल्या टप्प्याच्या घसरगुंडीनंतर अमित मित्रा समितीने उत्पन्नातील वाटा घेण्याची शिफारस केली. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात एकरकमी प्रवेश शुल्क आणि वार्षिक एकूण उत्पन्नाच्या चार टक्के अशी पद्धत आली. केंद्रांची संख्या २४५ झाली, त्या अर्थी सुधारणा यशस्वी ठरली. तिसरा टप्पा २०११ च्या धोरणानुसार २०१५ पासून लिलावात गेला. नांदेडला ‘रेडिओ सिटी’ आणि ‘माय एफएम’ या साखळ्यांच्या वाहिन्या मिळाल्या त्या याच दोन टप्प्यांतून.

एकरकमी शुल्क आधीच भरल्यावर मालक प्रयोग करत नाही, तो वसुली करतो. वसुली जाहिरातीतून होते. जाहिरातदार श्रोत्यांची संख्या विचारतो, तो श्रोता किती मन लावून ऐकतो हे त्याला नको असते. रेडिओची नियमित श्रोतामोजणी झाली तीही मुंबई, दिल्ली, बंगळुरू, कोलकाता या चार शहरांत. नांदेडमध्ये मोजणीच नसल्याने स्थानिक केंद्राने वेगळे काही केले तरी ते यशस्वी झाले हे सिद्ध करायला साधन नाही. मग सगळीकडे चालते ते इथेही चालवणे, हाच सुरक्षित मार्ग उरतो.

त्यात तिसऱ्या टप्प्यात एक सवलत मिळाली. कंपनीला आपला एकच कार्यक्रम देशभरातील आपल्या सर्व केंद्रांवर चालवता येतो. पूर्वी ही मुभा छोट्या शहरांपुरती आणि विभागापुरती होती. छोट्या केंद्रांचा खर्च वाचावा हा हेतू चांगलाच होता. पण खर्च वाचतो तो माणसांचा. निवेदक, स्थानिक कलाकार, बाहेर जाऊन ध्वनिमुद्रण करणारा मुलगा यांची गरज कमी होते. अमेरिकेत १९९६ नंतर जे झाले त्याचा हा लहान अवतार आहे.

गाण्यांच्या हक्काचा खर्चही आहे. कॉपीराइट मंडळाने २०१० मध्ये रेडिओ केंद्रांनी निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या दोन टक्के रक्कम संगीत कंपन्यांना द्यावी, असा आदेश दिला होता. कमाई कमी तर देणेही कमी, हा त्याचा छोट्या केंद्राला फायदा. दहा वर्षांनी ती मुदत संपली आणि २०२० च्या अखेरीस अपिलीय मंडळाने पुन्हा गाण्यांच्या तासानुसार दर ठरवले. तासाला पैसे मोजायचेच असतील तर ज्या गाण्यावर प्रायोजक मिळतो तेच लावले जाणार.

नायगाव या हिशेबात कुठे बसते?

कुठेच नाही. खासगी एफएमसाठी शहरांची वर्गवारी लोकसंख्येवर आहे आणि सर्वांत खालची ‘ड’ श्रेणी सर्वसाधारणपणे एक लाखापासून सुरू होते. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाख, लातूरची पावणेचार लाखांहून अधिक आणि उदगीरची एक लाखाच्या थोडी वर. उदगीर अगदी काठावर बसले. नायगाव, बिलोली, मुखेड, देगलूर, धर्माबाद या गावांसाठी स्वतंत्र वारंवारता लिलावात येण्याचा प्रश्नच नाही. नायगाव नांदेडपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर. शहरासाठी लावलेल्या खासगी मनोऱ्याची लहर जिथवर येईल तिथवर ऐकायचे. बसस्थानकावर उभ्या असलेल्या गाडीत आवाज स्पष्ट आणि घरात खरखर, हा अनुभव या पट्ट्यात नवा नाही.

आता ७३० वाहिन्यांच्या लिलावाची एकूण राखीव किंमत ७८४.८७ कोटी रुपये आहे. सरासरी काढली तर एका वाहिनीला सुमारे एक कोटी साडेसात लाख रुपये. अर्थात प्रत्यक्ष दर शहरानुसार बदलतात, उदगीरला ते लातूरइतके असणार नाहीत. तरी तळाची रक्कम, मनोरा, यंत्रणा, पगार, वीज हे सगळे उदगीरच्या बाजारपेठेतील कापड दुकाने, क्लासेस आणि ट्रॅक्टरच्या शोरूम यांच्या जाहिरातींतून काढायचे आहे. हे जमवायचे असेल तर मालकाकडे दोनच पर्याय: साखळीतला तयार कार्यक्रम घ्यायचा, किंवा वाहिनी घ्यायचीच नाही. २०१६ च्या लिलावात ९२ शहरांतील २६६ वाहिन्या विक्रीला होत्या, त्यांपैकी ६६ विकल्या गेल्या. दुसरा पर्यायच जास्त निवडला जातो, असे त्यावरून दिसते.

मातृभाषेतील स्थानिक मजकुराला चालना मिळेल, असे या मंजुरीच्या वेळी सरकारने म्हटले आहे. वार्षिक शुल्कही एकूण उत्पन्नाच्या चार टक्के, वस्तू व सेवा कर वगळून, असे सुटसुटीत केले आहे. पण स्थानिक मजकूर तयार करणाऱ्या केंद्राला शुल्कात सूट मिळाली असती, तर हे म्हणणे अधिक वजनदार ठरले असते.

बातम्यांचे काय?

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते. मात्र हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, पाणी-वीजपुरवठा, आरोग्याचा इशारा, नैसर्गिक आपत्ती यांबद्दल स्थानिक प्रशासनाने दिलेली माहिती ही ‘बातमी’ धरली जात नाही, ती देता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला दहा मिनिटे बातम्यांना परवानगी द्यावी, अशी शिफारस केली आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये नायगावला लागून असलेल्या मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या परिसरातील गावांत रात्रीतून पाणी शिरले, लष्कराला बोलवावे लागले. अशा रात्री वीज जाते, मोबाइलचा मनोरा बंद पडतो, संदेश पोहोचतात तेव्हा उशीर झालेला असतो. पेन्सिल सेलवर चालणारा रेडिओ अशा वेळी उपयोगी पडतो, पण त्यासाठी दुसऱ्या टोकाला रात्री दोन वाजता जागा असलेला, हसनाळ कुठे आहे आणि तिथून बाहेर पडायचा रस्ता कोणता हे ठाऊक असलेला माणूस हवा. दुसऱ्या शहरातून येणाऱ्या ध्वनिमुद्रित कार्यक्रमात तो नसतो. गाण्यांच्या निवडीचा प्रश्न इथे चैनीचा राहत नाही. ज्या केंद्राला स्थानिक गायक माहीत असतो, त्याच केंद्राला स्थानिक रस्ता माहीत असतो. दोन्ही कामे एकच माणूस करतो.

आकाशवाणीच्या स्थानिक केंद्रांकडे असे माणूसबळ होते. ते निवृत्त होत गेले, जागा भरल्या गेल्या नाहीत, नैमित्तिक निवेदकांवर काम भागवले जाते. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरकडे देण्याचा निर्णय झाला होता, ओरड झाल्यावर तो थांबवला गेला. पुण्यासाठी ओरड करणारे पुष्कळ होते. नांदेड केंद्राचा एखादा तास कमी झाला तर निवेदन कोण देणार?

मोबाइल असताना रेडिओ कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. रॉकचा श्रोता तर केव्हाच तिकडे गेला. पुण्यात २०१० पासून भरणाऱ्या ‘एनएच ७ वीकेंडर’सारख्या महोत्सवाला जमणारी मुले एफएमवर वाढलेली नाहीत. पण ऑनलाइन सेवा मुळात मागितलेले देते किंवा आधी ऐकलेल्यासारखे देते. शेजारच्या गावातल्या शाहिराचे नाव जिला ठाऊक नाही ती सेवा ते सुचवणार नाही. शिवाय मोबाइलमधला एफएमचा भाग कंपन्या काढून टाकू लागल्याने केंद्र सरकारला २०२३ मध्ये तो ठेवण्याची सूचना करावी लागली. डिजिटल रेडिओबाबत ट्रायने ऑक्टोबर २०२५ मध्ये शिफारशी दिल्या, त्यात सुरुवातीची १३ मोठी शहरे आहेत. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर. डिजिटलमुळे एका वारंवारतेवर अनेक वाहिन्या बसतात, म्हणजे रॉकला, शास्त्रीयला, लोकसंगीताला जागा निघू शकते. पण ती जिथे आधीच पर्याय भरपूर आहेत तिथे आधी निघणार.

तालुक्याच्या गावाला कोणता मार्ग खुला आहे?

सामुदायिक रेडिओ. त्याला लिलाव नाही. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना तो खुला झाला. किमान तीन वर्षे जुनी नोंदणीकृत संस्था, महाविद्यालय, कृषी विज्ञान केंद्र अर्ज करू शकते. प्रक्षेपणाची ताकद साधारण १०० वॅट, आवाज दहा-बारा किलोमीटर, म्हणजे नायगाव आणि भोवतालची गावे. निम्मा मजकूर तरी स्थानिक पातळीवर तयार झालेला असावा, अशी अट आहे. खासगी एफएमला जी अट घालायला सरकार कचरते ती इथे पहिल्या दिवसापासून आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवडसारख्या दुष्काळी गावात ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ पासून चालते.

अडचणी आहेत. परवानगीसाठी अनेक खात्यांचे उंबरे झिजवावे लागतात. बातम्या इथेही देता येत नाहीत. सरकारी जाहिरातींचा दर दहा सेकंदांना ५२ रुपये होता, तो २०२४ मध्ये ७४ रुपये झाला आणि तासाला जाहिरातींची मर्यादा सात मिनिटांवरून बारा मिनिटांवर गेली. तरी बारा मिनिटे रोज भरतील एवढ्या जाहिराती तालुक्यात नाहीत, आणि सरकारी देयके वेळेवर निघतात असा कोणाचा अनुभव नाही. देशभरात अशी पाचशेहून अधिक केंद्रे आहेत, त्यांतील अनेक शिक्षणसंस्थांच्या आवारात. संस्थाचालकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा वाजवण्यापुरते केंद्र उरण्याचा धोका मराठवाड्यात तरी वेगळा सांगायला नको.

जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून तालुक्याला एक असे केंद्र आणि त्यावर दोन पगारी माणसे, एवढ्याची मागणी लोकप्रतिनिधींनी करायला हरकत नाही. एक निवेदक आणि एक ध्वनिमुद्रण करणारा. त्यांना माळेगावच्या यात्रेत पाच दिवस यंत्र घेऊन बसवले, तर वर्षभर पुरेल एवढी लावणी, वाघ्या-मुरळीची गाणी आणि पोवाडे जमा होतील. त्यात नायगावच्या एखाद्या पोराचा बँड निघाला, तर शनिवारी रात्री त्यालाही अर्धा तास देता येईल.